वाडग्याचा तळ

आमच्या इंग्लंडमधल्या, स्लाऊच्या घरातले काका माणसाच्या तोंडाकडं बघायचे नाहीत, ताटाकडं बघायचे. तेही जेवायच्या आधी नाही, जेवून झाल्यावर. सिंकपाशी उभं राहायचं, जो येईल त्याच्या हातातलं भांडं घ्यायचं, जरा उजेडाकडं तिरकं करायचं आणि मग धुवायचं. "जाताना सगळी ताटं सारखीच गो," म्हणायचे, "परत येताना बघायचं. परत येणारं ताट खोटं बोलत नाही." मी मनात त्यांना वाडगेकाका म्हणायची. तोंडावर नुसतं काका.

मूळचे कोकणातले, दाभोळकडचे. जहाजावर भांडी घासण्यात निम्मं आयुष्य गेलं, मग कसे कोण जाणे स्लाऊला लागले आणि ट्रेडिंग इस्टेटवरच्या एका कारखान्याच्या कँटीनमध्ये परत भांडीच घासत होते. घर भाड्याचं, खाली मागच्या खोलीत ते एकटे, वर आम्ही, मी, आमचे मिस्टर आणि तीन महिन्यांची माझी मुलगी. किचन एकच. म्हणून माझं ताट त्यांना रोज दिसायचं, आणि ते रोज भरलेलं परत यायचं.

मला तेव्हा काही होत नव्हतं. म्हणजे रडू येत नव्हतं, राग येत नव्हता, भूक पण नाही. नुसती भीती वाटायची, पोरगी झोपली की श्वास चालू आहे का बघायची, बघून झालं की परत बघायची, आणि भाकरीचा तुकडा तोंडात घातला की तो तसाच तोंडात राहायचा. नववीतनं शाळा सुटलेली, इंग्रजी येत नाही, दार वाजलं तरी मी जिन्यात बसून राहायची. दूध आटत चाललं होतं. बाळ तपासायला सरकारी हेल्थ व्हिजिटर बाई यायची, मुलीला वजनकाट्यावर ठेवायची, वहीत लिहायची आणि मिस्टरांशी हळू आवाजात बोलायची. मला ते समजत नव्हतं पण समजत होतं.

तेवढ्यात मिस्टरांच्या कंपनीनं सांगितलं, नवीन मशीन शिकायला जपानला, ओसाकाला जा, सहा महिने, बायको-पोर घेऊन गेलात तरी चालेल. ते म्हणाले, "तू तिकडं काय खाशील? मी सकाळी सातला जाणार तो रात्री येणार. इथं खात नाहीस, तिथं कोण भरवणार?" फोनकार्ड घालून गावाला सासूबाईंना फोन लावला. "तुला झेपत नसेल तर तू माहेरी जाऊन पड चार महिने, पोरगी माझ्याकडं ठेव, वरचं दूध घालीन, वाढेल." चांगल्या मनानंच म्हणाल्या असतील. पण एकदा पोरगी त्यांच्याकडं गेली की ती माझी राहणार नाही, हे मला माहीत होतं. मी फोन कानाला लावून उभी राहिले, तोवर कार्डावरची मिनिटं संपली.

काका सिंकपाशीच होते. म्हणाले, "ओसाका? मी उतरलोय तिथं, किती वेळा ते मोजलं नाही. तिथं रामेन खायचं. शेवया असतात लांब, मोठ्या वाडग्यात, वर रस्सा. तुझ्यासारखीला तेच बरं. चावायला लागत नाही, ओढायचं नुसतं." मी म्हणलं, "काका, मला हॉटेलात जाता येत नाही, एकटीला." तर म्हणाले, "अगो, तिथं सगळे एकटेच जेवतात. एका ओळीत, भिंतीकडं तोंड करून. कोणी विचारत नाही, जेवलीस का, का नाही जेवलीस. सुख आहे ते."

ते मात्र मला पटलं. कारण दिवसभर सगळे मला तेच विचारायचे.

मग रोज थोडं थोडं सांगायला लागले. स्टेशनच्या तोंडावरचं दुकान घ्यायचं नाही, ते परक्यांसाठी. मागच्या गल्लीत जायचं. दाराला आखूड पडदा लावलेला असतो, पडदा बाहेर असला तर दुकान चालू, आत घेतला तर बंद. दारात मशीन असतं, पैसे घालून बटण दाबायचं, चिठ्ठी येते, ती द्यायची, बोलायचं कामच नाही. "डावीकडचं सगळ्यात वरचं बटण म्हणजे त्या दुकानाचं मानाचं वाडगं. पण त्यात बहुतेक डुक्कर. तू खात नाहीस ना? मग तोरी म्हणायचं. तोरी म्हणजे कोंबडी. नाही समजलं तर असं कर," आणि दोन्ही कोपरं पंखासारखी हलवून दाखवली, साबणाच्या हातानं, फेस माझ्या अंगावर. "वर मांसाची एक चकती ठेवतात, ती मात्र डुकराचीच असायची. ती बाजूला काढायची आणि मन मोठं करायचं."

आणि सगळ्यात मोठं म्हणजे दुकान निवडायचं कसं. "पाटी वाचता येत नाही ना तुला? मला पण नाही यायची. बाहेर उभं राहायचं आणि उठणाऱ्याचं वाडगं बघायचं. ते लोक खाऊन झालं की आपलं वाडगं आपणच उचलून वरच्या फळीवर ठेवतात. त्यात रस्सा उरला असेल तर पुढं जा. तळ दिसला तर आत जा. आपल्याकडं कशी भांड्यांवर नावं घालतात, तशी काही दुकानं वाडग्याच्या आत तळाला काहीतरी लिहितात. सगळं प्यायल्याशिवाय दिसत नाही. काय लिहितात ते मला कधी कळलं नाही. पण दिसलं की समजायचं, आपण जेवलो."

"आणि हिला कुठं ठेवू?" मी पोरीकडं बोट केलं. खलाशी माणूस, मांडीवर पोर घेऊन रामेन कोण खातं ते त्यांनी बघितलंच नव्हतं. दोन दिवस काही बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी कामावरनं आल्या आल्या जिन्यातनं हाक मारली. "अगो ऐक. टेबलवालं दुकान बघायचं, काउंटरचं नाही. खिडकीतनं आधी टेबल दिसतंय का बघ. आणि सकाळी साडेअकराला जायचं, ऑफिसवाले सुटायच्या आधी. पोर ओढणीनं छातीला बांध, गाडी नको, गाडी आत मावत नाही." दोन दिवस विचार करत होते, हे मला तेव्हा कळलं.

मग तालीम. त्यांच्या सुट्टीच्या दिवशी किचनमध्ये इस्त्रीचं टेबल उघडून दुकान मांडलं. कोंबडीची हाडं सकाळपासून उकळत ठेवलेली, शेवया पाकिटातल्या. डोक्याला टॉवेल बांधून पलीकडं उभे राहिले आणि मी बोलायला गेले तर म्हणाले, "चूप. दुकानदार बोलत नाही." मी पोरीला बांधून बसले. शेवया ओढताना आवाज येईल म्हणून हळूहळू खात होते, तर त्यांनी स्वतः सुर्रर्र करून दाखवलं, इतक्या जोरात की पोरगी दचकली आणि मग हसली. ती हसलेली मी पहिल्यांदा बघितली. मला काही वाटलं नाही तेव्हा, नुसतं दिसलं. अर्धं वाडगं उरलं. त्यांनी ते तिरकं करून बघितलं आणि धुवायला घेतलं.

पुढच्या खेपेला ते पोस्टमनला दार उघडायला गेले आणि मी वाडगं सिंकमध्ये ओतलं. आले, रिकामं वाडगं बघितलं, मग सिंकची जाळी बघितली. शेवया तिथंच अडकलेल्या. मी म्हणलं, "काका, ह्यांना सांगू नका. सासूबाई पोरगी घेऊन जातील." काकांनी जाळी काढून झटकली, परत बसवली. म्हणाले, "नाही सांगत. पण उद्या माझ्यासमोर बस." दुसऱ्या दिवशी बसले. पाऊण वाडगं गेलं. त्याच्या पुढं नाही.

तिकिटं काढायचा दिवस आला तेव्हा मिस्टरांनी त्यांनाच विचारलं, माझ्यासमोर. "काका, खरं सांगा, हिला जमेल का तिकडं? नाहीतर मी गावाला पाठवतो दोघींना." मी ओट्याला धरून उभी होते. काका भांडी पुसत होते, वर बघितलं नाही. "हिचं वाडगं मी धुतो," म्हणाले. "मला ठाऊक आहे. घेऊन जा."

त्या दिवसापर्यंत मी एकही वाडगं संपवलेलं नव्हतं.

ओसाकाला पहिले नऊ दिवस मी खोलीतनं बाहेर पडले नाही, केळी आणि बिस्किटं. दहाव्या दिवशी पोरगी दूध ओढून ओढून दमली आणि रडायची थांबली. रडायची थांबली त्याची मला जास्त भीती वाटली. ओढणीनं बांधली आणि निघाले. घड्याळात साडेअकरा. मागची गल्ली, तीन दुकानं. पहिल्यात टेबल नाही. दुसऱ्यात टेबल, पण उठलेल्या माणसाचं वाडगं अर्धं. तिसऱ्या दुकानात एक म्हातारा उठला, वाडगं फळीवर ठेवलं, आतल्या बाईनं ते घेऊन कलतं केलं, त्यातनं थेंब पडला नाही. मी आत गेले. मशीन नव्हतंच. सगळं पाठ केलेलं उडालं. मी म्हणलं तोरी, आवाजच फुटला नाही, मग कोपरं हलवली. बाई हसली नाही, मान हलवली. पोरीसाठी हात पुढं केले, मी मागं सरकले, तर तिनं हात परत घेतले, माझ्यासाठी खुर्ची जरा मागं ओढून दिली आणि गेली. परत आली ती वाडगं घेऊनच.

मी आवाज करून खाल्लं. रस्सा पोरीच्या टोपड्यावर सांडला, मी पुसला आणि परत खाल्लं. चकती बाजूला काढली. मग दोन्ही हातानं वाडगं उचललं. तळाला निळी अक्षरं होती, चार. मला वाचता आली नाहीत. वाडगं वरच्या फळीवर नेऊन ठेवलं आणि खोलीवर येऊन पोरीला अंगावर घेतलं, तर ती लवकर सुटली नाही. त्यानंतर मी रोज गेले.

सहा महिन्यांनी स्लाऊला परत आलो तर काकांची खोली बंद. घरमालक म्हणाला, हॉस्पिटलात आहेत, पोटाचं आहे. दुपारी मी पोरीला घेऊन एकटीच बसनं गेले, ड्रायव्हरला मीच विचारलं. काका बारीक झाले होते. पोरीकडं बघून म्हणाले, "ही गुटगुटीत कोण?" मी म्हणलं, "काका, तळ दिसला. चार अक्षरं होती." "काय लिहिलेलं?" "नाही आलं वाचता." "मग बरोबर," म्हणाले आणि जरा हसले.

तेवढ्यात ट्रेवाली बाई त्यांचं जेवण उचलायला आली. सूपचं वाडगं काठोकाठ होतं, वर साय धरलेली. मी बघितलं. मी बघितलं ते काकांनी बघितलं. म्हणाले, "घरात कोणाला सांगू नको." मी म्हणलं, "नाही सांगत. पण उद्या माझ्यासमोर बसा."

दुसऱ्या दिवशी हाडं उकळून रस्सा नेला, माझ्या आईनं दिलेल्या स्टीलच्या डब्यात, आईचं नाव घातलेल्या. काका उशी लावून बसले. मी काही विचारलं नाही, भिंतीकडं तोंड करून बसले. चमच्याचा आवाज येत होता. मग थांबला. "असू दे," म्हणाले.

त्याच रात्री गेले.

डबा पिशवीतच राहिला होता. सकाळी हॉस्पिटलचा फोन आल्यावर काढला, खिडकीच्या उजेडाला धरला. आतला रस्सा अर्ध्याच्या जरा खाली होता. मी ओतणार होते. मग तिथंच सिंकपाशी उभं राहून उरलेला गार रस्सा मी प्यायले, तळ दिसेपर्यंत. मग डबा धुतला.