पंचवीस वर्षांचा कागद

श्रीनाथ सर भिवंडीच्या एका मराठी शाळेत गणित शिकवत. १९९६ साली त्यांना मुलगी झाली, अपूर्वा. त्याच वर्षी एका मोठ्या वित्तसंस्थेने रोखे काढले. आज पाच हजार दोनशे भरा आणि पंचवीस वर्षांनी दोन लाख घ्या. सरांनी वहीच्या मागच्या पानावर चक्रवाढीचा हिशेब मांडला. वर्षाला जवळजवळ पावणेसोळा टक्के पडत होते.

"पैसा बुडायची भीती नाही, दर ठरलेला. आणखी काय हवं?" म्हणत त्यांनी अपूर्वाच्या नावाने रोखा घेतला. शाळेचा शिपाई काळूराम जवळच्या दापोडे गावचा. तूही घे, म्हणून सर त्याच्या मागे लागले. त्याने म्हैस विकून आलेले पैसे आपल्या मुलीसाठी, भाविकासाठी, सरांच्या हातात ठेवले. फॉर्म सरांनीच भरला, काळूरामने फक्त सही केली.

२००२च्या उन्हाळ्यात पाकीट आलं. ते सरांच्या पत्नीने, माधवीबाईंनी फोडलं.

"अहो, हे काय? पैसे परत घेऊन जा म्हणतायत."

सरांनी पत्र तीनदा वाचलं. संस्था आपला हक्क वापरून सगळे रोखे मुदतीआधीच परत घेत होती. हातात साडेबारा हजार येणार होते. ठरल्या तारखेनंतर रोखा ठेवला तरी एक पैसा व्याज नव्हतं. बँकेत तर आता आठ टक्केही मिळत नव्हते. सरांनी पुन्हा वही उघडली. उरलेल्या एकोणीस वर्षांत त्या रकमेचे पन्नास हजारसुद्धा होईनात.

रजा टाकून ते संस्थेच्या मुंबईच्या कचेरीत गेले. तिथला तरुण अधिकारी अदबीने बोलला.

"सर, दर उतरलेत. आम्हाला बाजारात निम्म्या व्याजाने पैसे मिळतात. मग तुम्हाला पावणेसोळा का देत राहू?"

"आणि दर वाढले असते तर?"

"तर रोखे चालू ठेवले असते." त्याने जुना फॉर्म समोर सरकवला. सरांच्या अक्षराखाली, बारीक टायपात, तो हक्क लिहिलेला होता. त्यात फसवणूक कुठेच नव्हती. भांडायचं तरी कोणाशी? सर पाणी पिऊन उठले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी काळूरामला रिकाम्या वर्गात बसवून सगळं समजावलं. काळूरामने विचारलं,

"मंग दोन लाख न्हाय?"

"नाही रे."

"कागदावं लिवलं व्हतं ना?"

"हेही लिहिलं होतं. खाली."

"तुमी बी वाचलं न्हाय, मास्तर?"

त्याच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर सरांना बरं वाटलं असतं. "वाचलं होतं," ते म्हणाले, "पण तसं होईल असं वाटलं नाही." मान वर करून बोलणं त्यांना जमेना.

रोखे परत करायचे दोन्ही अर्ज सरांनीच भरले. या वेळी सही करण्याआधी काळूरामने विचारलं, "यात काय लिवलंय, समदं वाचून दावा." सरांनी बोट ठेवून ओळ न् ओळ वाचून दाखवली.

महिन्याभराने पैसे आले. सरांनी आपले बँकेत मुदत ठेवीत टाकले. दर आणखी उतरणार, असं काउंटरवरची बाई म्हणाली, म्हणून घाईनेच.

"मी पोरीला सोनं घेतो," काळूराम म्हणाला. "घेऊ ना?"

"तुझं तू ठरव," सर म्हणाले. "सोन्याचं पुढे काय होईल, मलाही ठाऊक नाही." काळूराम मान हलवून तासाची घंटा द्यायला निघून गेला.