आधी गुलाबी उडतो

नवरा गेल्यावर पंधरा दिवसांनी मी दुकान उघडलं. डहाणूत स्टेशनच्या रस्त्यावर आमचा लहानसा फोटो स्टुडिओ आहे. पासपोर्ट फोटो, झेरॉक्स, आणि गेलेल्या माणसांचे मोठे फोटो. प्रिंटरला तो मला हात लावू देत नसे. "शाईचं तुला कळत नाही," म्हणायचा. तेव्हा राग यायचा. तो गेल्यावर राग आला नाही, रडूही आलं नाही. बाई खंबीर आहे, असं लोक म्हणाले. दात काढल्यावर गाल जसा बधिर होतो, तशी मी होते, एवढंच.

त्याने भरून ठेवलेली शाई संपली. वापीचा एक माणूस बाटल्या घेऊन आला. "भाभी, कलर सेम टू सेम," म्हणाला. मी घेतल्या. प्रिंट झकास येत होत्या. त्याच शाईने मी नवऱ्याचा फोटो छापून घरी लावला.

पुढच्या वर्षी उन्हाळ्यात रानशेतकडचं एक जोडपं आलं. बाईने टॉवेलात गुंडाळलेला फोटो काउंटरवर ठेवला. त्यांची मुलगी तापाने गेली होती. फोटो माझ्याच दुकानातला. केस, डोळे काळेभोर होते, पण चेहरा हिरवट झाला होता आणि फ्रॉक जवळजवळ पांढरा.

"दारासमोर लावला होता," ती म्हणाली. "सकाळचं ऊन येतं. ही आता आमची वाटत नाय. दुसरा काढून द्या ताई."

मी कॉम्प्युटरमध्ये शोधलं. जागा भरली म्हणून जुने फोटो मीच पुसले होते. तसं सांगितलं.

"मोबाईलात पण होता," तिचा नवरा म्हणाला. "तो मोबाईल बिघडला."

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती बाकावर बसली आणि म्हणाली, "मग आता?"

मी तोच फोटो स्कॅन केला. रंग हाताने भरावे लागणार होते. फ्रॉकचा रंग विचारला.

"राणी कलर," नवरा म्हणाला. "मीच आणला, तलासरीच्या बाजारातून."

"आणला तेव्हा राणी. धुऊन धुऊन फिका झालेला," बाई म्हणाली. "फोटो काढला तेव्हा फिकाच होता."

त्याने स्क्रीनवरच्या पांढऱ्या फ्रॉककडे बघितलं. मग म्हणाला, "फिका करा."

चेहऱ्याचा रंग विचारला तेव्हा तिने आपला हात स्क्रीनशेजारी धरला. "माझ्यासारखी. जराशी काळी." मी तिच्या हाताकडे बघून रंग जुळवला. बराच वेळ लागला, पण तिने हात खाली घेतला नाही.

त्या दिवशी घरी गेले आणि नवऱ्याच्या फोटोकडे बघितलं. तोही हिरवट झाला होता. खिडकीसमोरच लावला होता. त्याला रोज हार घालणारी मीच, आणि मला हे दिसलं नव्हतं. आता तरी काहीतरी होईल म्हणून मी उभी राहिले. काही झालं नाही. मग भात लावला.

दुसऱ्या दिवशी एसटीने तलासरीला गेले. तिथे नवऱ्याच्या मित्राचा स्टुडिओ आहे. त्याने मुलीचा जुना फोटो उजेडात धरला.

"वहिनी, ही शाई म्हणजे पाण्यात विरघळलेला रंग. ऊन लागलं की मरतो, आणि आधी गुलाबी उडतो. माझ्या शाईत रंगाचे बारीक कण असतात, ते कागदावर बसतात. तेही कायमचे नाहीत, पण जास्त टिकतील."

मी रंग भरलेला मुलीचा फोटो त्याने छापून दिला. "आणि आपल्या दोस्ताचा?"

"पुढच्या वेळी," मी म्हणाले. त्याने पुन्हा विचारलं नाही.

जोडपं फोटो न्यायला आलं. मी काच लावून दिला. उन्हात लावू नका, आतल्या भिंतीला लावा, असं सांगितलं.

"आत चूल आहे, धूर होतो."

"मग पेटीत ठेवा. सणाला काढा."

"पेटीत नाय ठेवायची तिला," बाई म्हणाली. तिच्या नवऱ्याने फोटो छातीशी धरला आणि दोघं गेली.

त्यानंतर मी ऑर्डरची वही काढून त्या शाईचे फोटो नेलेल्या सगळ्यांना फोन लावू लागले. फोटो घेऊन या, बदलून देते. काहींचे फोटो कॉम्प्युटरात सापडले, बरेचसे नाही. काहींनी फोन उचललेच नाहीत. कोसबाडकडचे एक म्हातारे बायकोचा फोटो घेऊन आले. तिचा मूळ फोटो माझ्याकडे होता. मी तो स्क्रीनवर उघडला. त्यांनी हातातला हिरवा फोटो बघितला, मग स्क्रीन बघितली.

"हिला काय झालंय?" त्यांनी हातातल्या फोटोवर बोट ठेवून विचारलं. "चांगली तर आहे."

"बाबा, रंग गेलाय."

"नाही हो. अशीच होती," ते म्हणाले आणि तोच फोटो काखेत धरून दुकानाची पायरी उतरले. मी त्यांना थांबवलं नाही.