असाईवाल्या अदेरबालची पकड

अदेरबाल सकाळी असाईवाले असत आणि संध्याकाळी मास्टर. नदीवरून बोटीने आलेल्या टोपल्या पहाटे उतरवून घ्यायच्या, ती असाईची काळी बोराएवढी फळं धुऊन यंत्रात पाण्याबरोबर घुसळायची, घट्ट जांभळा रस पडायला लागला की दारावर लाल फडकं लावायचं. फडकं दिसलं की बायका भांडी घेऊन हजर. दुपारपर्यंत असाई संपायची. मग ते यंत्र धुवायचे, थोडी झोप काढायचे आणि ऊन उतरलं की चर्चमागच्या पत्र्याच्या शेडमध्ये आम्हाला जिउ-जित्सू, म्हणजे जमिनीवरची कुस्ती, शिकवायचे.

ब्राझीलच्या या बेलेम शहरात काचेच्या दारांच्या, थंड हवेच्या मोठ्या तालमी आहेत. आमची शेड तसली नव्हती. चटया जुन्या होत्या, जिथे फाटल्या तिथे निळी चिकटपट्टी लावलेली. मी बाजारात कसाव्याच्या कंदाचं पीठ विकते. डॉक्टरांनी मला वजन कमी करायला रोज चालायला सांगितलं होतं. एक दिवस चालता चालता त्या शेडपाशी दम खायला थांबले आणि नंतर कित्येक वर्षं तिथेच जात राहिले.

मास्टरांना डाव पुष्कळ येत, पण जीव एकाच डावावर. समोरच्याला खाली घ्यायचं, त्याच्या छातीवर बसायचं आणि वाट बघायची. खालचा माणूस घाबरतो, तोंड वाचवायला कूस बदलतो, पालथा होतो. झालं, त्याने पाठ दिली. दोन्ही पाय त्याच्या मांड्यांत अडकवायचे, हाताचा कोपर त्याच्या हनुवटीखाली आणायचा, पंजा आपल्याच दुसऱ्या दंडावर ठेवायचा, दुसरा हात त्याच्या डोक्यामागे, आणि छाती भरून श्वास घ्यायचा. झटका नाही, ओढाताण नाही.

"घाई कशाला करता," ते म्हणायचे. "आधी नीट वर बसायला शिका. गळा काही पळून जात नाही."

आणि एक गोष्ट ते फार कडकपणे शिकवायचे. समोरच्याने हार मानून हाताने थाप मारली, किंवा थाप न मारताच तो सैल पडला, तर हात त्या क्षणी सुटला पाहिजे. "डोकं विचार करायला लागायच्या आत हात उघडायला हवा. ज्याला सोडता येत नाही त्याने आवळायला येऊ नये."

त्यांचा सगळ्यांत तयार चेला म्हणजे वाल्देसिर. माझ्या पिठाच्या गाळ्यापासून थोड्या अंतरावर त्याचं मटणाचं दुकान. अंगाने दांडगा, बोलायला गोड. बाप लवकर गेलेला, त्यामुळे मास्टरांनीच त्याला वाढवलं म्हटलं तरी चालेल. त्याची आई, दोना झुल्मीरा, सत्तरी उलटलेली, अंगाने काडी पण जीभ अशी की अख्खा बाजार तिला टरकून असायचा. माझ्याकडचं पीठ घेताना ती दर वेळी मूठभर तोंडात टाकायची आणि म्हणायची, "वाळू विकतेस की पीठ?" आणि तेच घेऊन जायची. गळ्यात नवऱ्याने लग्नात दिलेली सोन्याची साखळी, ती झोपतानाही काढत नसे.

त्या शनिवारी सकाळी बाजार भरलेला होता. दोना झुल्मीरा मासळीच्या गाळ्यांकडून येत होती. मागून एक मोटारसायकल आली, त्यावरच्या पोराने चालत्या गाडीवरून तिच्या साखळीला हात घातला. साखळी लवकर तुटली नाही. म्हातारी तिच्याबरोबर फरफटत गेली आणि मग सिमेंटच्या कट्ट्यावर आपटली. तो आवाज मी ऐकला. पोराचीही गाडी मासे धुतलेल्या पाण्यावरून घसरली आणि तो माझ्या समोरच्या मासळीच्या गाळ्यात जाऊन पडला. उठला तेव्हा त्याच्या हातात मासे कापायची लांब सुरी होती. असेल एकोणीस-वीसचा. डोळे सैरभैर झालेले, सुरी चारी बाजूंना फिरवत होता. लोक मागे सरले.

मास्टर बायकोवर दुकान सोपवून मासे घ्यायला आले होते. त्यांनी हातातली पिशवी टाकली आणि खाली वाकून सरळ त्याच्या कमरेत घुसले. दोघं त्या ओल्या फरशीवर आडवे झाले. बावन्न वर्षांचा माणूस, पण खाली पडेपर्यंत ते त्याच्या छातीवर बसलेले होते. पोराने सुरी चालवली, ती त्यांच्या मांडीत शिरली. पँट लाल होत गेली. मास्टरांनी तिकडे बघितलंही नाही. पोरगा धडपडला, कूस बदलली, पालथा झाला, आणि मला कळलं की आता संपलं.

पाय आत गेले. एका पायाने त्यांनी त्याचा सुरीवाला हात खाली दाबून धरला. कोपर हनुवटीखाली सरकला. मी शेडमध्ये हे शेकडो वेळा बघितलेलं, माझ्या स्वतःच्या मानेवर अनुभवलेलं. पण तिथे समोरचा हसत थाप मारतो. इथे पोरगा थाप कशी मारायची ते जाणत नव्हता. त्याची टाच फरशीवर घासत होती, मग घासायची थांबली. सुरी सुटली. मी पुढे होऊन ती पायाने माझ्या पोत्याखाली सारली.

मास्टरांचा हात लगेच उघडला. पोराचं डोकं त्यांच्या खांद्यावर कलंडलं, तोंडातून घोरल्यासारखा आवाज येऊ लागला. मास्टरांनी त्याची हनुवटी वर केली, श्वास चालू आहे ना बघितलं. इथपर्यंत सगळे त्यांच्या बाजूने होते. कोणी टाळ्याही वाजवल्या.

मग तिकडून कोणीतरी ओरडलं, "म्हातारी गेली."

कोण ओरडलं ते आजतागायत कळलेलं नाही. पण गर्दीचा रंगच पालटला. ज्यांनी टाळ्या वाजवल्या तेच आता जवळ सरकायला लागले. एकाच्या हातात फळी, एकाच्या हातात फरशीचा तुकडा. आमच्याकडे चोर लोकांच्या हाती लागला तर काय होतं ते आम्ही सगळे जाणतो. दोन वर्षांपूर्वी पुलाजवळ झालं होतं. दुसऱ्या दिवशी कोणालाच काही दिसलेलं नव्हतं.

मी पोलिसांना फोन लावला. पलीकडची बाई पुन्हा पुन्हा पत्ता विचारत होती.

मास्टरांनी मान वर करून एकदा सगळ्यांकडे बघितलं. मग त्या बेशुद्ध पोराला तसंच पायांत धरून ते मागे सरकले, बर्फाच्या मोठ्या पेटीला पाठ टेकली, आणि पुन्हा तीच पकड घातली. तेच पाय, लांबून बघणाऱ्याला तोच कोपर हनुवटीखाली. लोकांना वाटलं आता हे त्याला संपवणार.

"आवळा मास्टर, सोडू नका."

पण मी जवळ होते. त्यांचा हात गळ्यावर नव्हताच, थोडा वर सरकून पोराच्या कानशिलावरून फिरलेला होता. दुसरा पंजा त्याच्या डोक्यावर. डोकं त्यांनी आपल्या हनुवटीखाली दाबून घेतलं होतं. पोराचा जेवढा भाग झाकता येईल तेवढा त्यांनी झाकला होता.

तेवढ्यात पोरगा शुद्धीवर आला. आपण कुठे आहोत हेच त्याला कळेना. डोक्याभोवती हात जाणवला तसा तो पिसाळल्यासारखा हिसके द्यायला लागला. मास्टरांच्या मांडीतून रक्त वाहत होतं.

"हलू नकोस," ते त्याच्या कानात म्हणाले. "नाव काय तुझं?"

"सोड मला."

"सोडतो. समोर बघ आधी. आता सांग, सोडू?"

पोराने समोर बघितलं. त्याचे हिसके थांबले. मग अगदी लहान आवाजात म्हणाला, "रुआन."

"रुआन, गुडघे पोटाशी घे. हात डोक्यावर. मी सांगेपर्यंत असाच राहा."

"काका, मला मारतील."

"माहितेय मला. म्हणूनच म्हणतोय, गप राहा."

एक दगड आला, पेटीवर आपटला. दुसरा मास्टरांच्या खांद्याला लागला. गर्दीतून एक बाई म्हणाली, "अरे, हा तर त्याला वाचवतोय." मग शिव्या मास्टरांनाच सुरू झाल्या. ज्यांच्या लेकरांना त्यांनी शिकवलं होतं तीच माणसं.

गर्दी दुभंगली आणि वाल्देसिर पुढे आला. मटण टांगायच्या दांडीतली लोखंडी सळई त्याने उपसून आणली होती. चेहऱ्यावर घाम की आसवं ते कळत नव्हतं. तो आईकडे गेलाच नव्हता. कोणीतरी त्याला दुकानातच सांगितलं, आणि तो सरळ इकडे आला.

"मास्टर, बाजूला व्हा."

"नाही."

"माझी आई होती ती."

"माहितेय."

वाल्देसिरने सळई उचलली आणि रुआनच्या डोक्यावर नेम धरून मारली. मास्टरांनी आपला उजवा हात मध्ये घातला. हाड मोडल्याचा आवाज वाळकी फांदी मोडावी तसा आला. मास्टरांचा चेहरा पांढराफटक पडला. तो हात लोंबला तसा त्यांनी डावा हात वर घेतला आणि पोराचं डोकं पुन्हा झाकलं. पाय जरासुद्धा ढिले झाले नव्हते.

सळई पुन्हा वर गेली होती. बाजार इतका शांत झाला की फोनवरच्या बाईचा आवाज माझ्या हातातून बाहेर ऐकू येत होता.

"वाल्देसिर," मास्टर म्हणाले, "तुझी आई जिवंत असेल."

"तुम्ही बघितलंत?"

"नाही."

"मग कशाला बोलता?"

"तूही बघितलं नाहीस. जा, बघून ये. मी इथेच आहे. मला कुठे पळता येतंय का, बघ."

वाल्देसिर तसाच उभा राहिला. त्याची नजर मास्टरांच्या लोंबणाऱ्या हातावर गेली आणि तिथेच अडकली. मला वाटतं, आपण काय केलं ते त्याला तेव्हा दिसलं. त्याने सळई टाकली नाही. ती हातात तशीच घेऊन तो वळला आणि गर्दीतून पलीकडे गेला.

आम्ही सगळे थांबलो. फळीवाला फळी घेऊन उभा होता, पण आता त्यालाही वाल्देसिर काय सांगतो ते ऐकायचं होतं. मग मासळीच्या गाळ्यांकडून दोना झुल्मीराचा आवाज आला. ती कोणाला तरी शिव्या देत होती, पाय सरळ करू नको म्हणून. गर्दीतली कितीतरी माणसं एकदम आपापल्या गाळ्यांकडे बघायला लागली. पोलिसांची गाडी आली तेव्हा तिथे फार कोणी उरलं नव्हतं.

पोलिसांनी रुआनला बेड्या घातल्या. मास्टरांचे पाय मात्र सुटेनात. इतका वेळ आवळून ते आखडून गेले होते. मी आणि एका पोलिसाने मिळून ते हाताने बाजूला केले.

म्हातारीच्या खुब्याचं हाड मोडलं होतं. रुआन तुरुंगात गेला. वाल्देसिरवर तक्रार करायची का, असं पोलिसांनी मास्टरांना इस्पितळात विचारलं. ते म्हणाले, "मी बर्फावर घसरून पडलो." पोलिसानेही तेवढंच लिहून घेतलं.

लुसिमार, मास्टरांची बायको, त्यांच्याशी कित्येक दिवस धड बोलली नाही. यंत्र ती एकटी चालवत होती, टोपल्या ती एकटी उचलत होती. "दुसऱ्याच्या चोट्ट्या पोरासाठी हात मोडून घेतलास," ती माझ्यासमोरच त्यांना म्हणाली. "उद्या माझ्यासाठी काय मोडशील? मान?" मास्टर प्लास्टरमधला हात मांडीवर ठेवून बसले होते. लाल फडकं लावलेलं असायचं पण रांग नसायची. लोक पुढच्या गल्लीतून असाई आणायला लागले. पोरं त्यांना मागून 'चोरांचे मास्टर' म्हणायची. शेडमध्ये आम्ही चार-पाच जणच उरलो. वाल्देसिर तर त्यांना पाहून रस्ता ओलांडायचा.

पावसाळा सरत आला होता तेव्हा एका सकाळी दोना झुल्मीरा वॉकर टेकत असाईच्या दुकानात आली. मी तिथेच होते. लुसिमारने घाईघाईने खुर्ची पुढे केली, ती बसली नाही.

"तुझा हात दाखव," ती मास्टरांना म्हणाली.

त्यांनी बाही वर केली. हाड वाकडं जुळलं होतं.

"त्या पोराला मी माफ केलेलं नाही," ती म्हणाली. "मरेपर्यंत करणार नाही. रात्री कूस बदलताना त्याला रोज शिव्या देते." मग म्हणाली, "पण माझा मुलगा रात्री घरी झोपतो. त्या दिवशी त्याच्या हातून ते झालं असतं, तर मी कोणाकडे बघत बसले असते? दोन लिटर दे, घट्ट. परवा लुसिमारने पाणी जास्त घातलं होतं म्हणे."

"परवा तुम्ही नेलीच नव्हती," लुसिमार म्हणाली.

"लोक सांगतात ना."

तिला असाई नेताना बघून दुसऱ्या दिवसापासून दोन-चार भांडी परत आली. सगळी नाही आली. काही घरं अजूनही पुढच्या गल्लीतूनच आणतात.

त्यानंतर बऱ्याच दिवसांनी एका संध्याकाळी वाल्देसिर शेडच्या दारात येऊन उभा राहिला. आमचा सराव चालू होता. मग चटईच्या कडेपर्यंत आला. आम्ही सगळे एकमेकांना सोडून बसलो. मास्टर उठले, त्याच्यासमोर गेले. मला वाटलं, आता काहीतरी बोलतील. दोघांपैकी कोणीतरी बोलेल.

"चपला बाहेर काढ," मास्टर म्हणाले.

त्याने काढल्या. मास्टर चटईवर बसले आणि त्याला पुढ्यात पाठ करून बसायला सांगितलं. उजवा हात आता पूर्ण वळत नव्हता, तो त्याच्या हनुवटीखाली जाईना. एकदा प्रयत्न केला, दुसऱ्यांदा केला. वाल्देसिर मान खाली घालून बसला होता, खांदे हलत होते. मास्टरांनी तो हात काढून घेतला आणि म्हणाले, "मान वर कर. डाव्या बाजूने करून बघू."