मुठीचं माप

आईने जेवण टाकलं, तेव्हा तिच्या काळ्या मसाल्याची शेवटची बरणी संपून आठवडा झाला होता. आजारपणात तिला पुणतांब्याहून केडगावला माझ्या घरी आणलं, तेव्हा सोबत तेवढी एकच बरणी आली होती. दुकानातला मसाला घालून आमटी केली, तर तिने ताट सरकवलं. "ह्यो आपला न्हाई." डॉक्टर म्हणाले, आवडीचं द्या, पण काहीतरी पोटात जाऊ द्या.

मसाल्याला मी जन्मात हात लावला नव्हता. दर उन्हाळ्यात ती डंकावर बसून कुटून आणायची आणि मी आयता डबा भरून न्यायची, तोही नाक मुरडत. आता विचारलं तर म्हणाली, "पाव किलो मिरचीला धा मुठी धनं." दगडफूल मिळालं नाही, म्हणून तमालपत्र वाढवलं. डंकाऐवजी मिक्सर लावला. धने माझ्या मुठीने मोजले. धने जास्त पडून मसाला पार मिळमिळीत झाला. माझे पंजे वडिलांवर गेलेत, हे तेव्हा लक्षात आलं.

मग मी धन्यांची परात तिच्या खाटेवरच नेली. उशीला टेकून तिने मोठ्याने मोजत दहा मुठी काढून दिल्या. महिन्याभरात पहिल्यांदा तिच्या तोंडावर तरतरी दिसली. मी वेडी, सगळं मार्गी लागलं असं समजून हरखून गेले. मिरची पुन्हा भाजली, खोबरं काळं होईस्तोवर भाजलं, खोकत खोकत दळलं.

दुसऱ्या दिवशी पहिल्याच घासाला तिला ठसका लागला. डोळ्यांतून पाणी आलं.

"लई तिखट झालाय. धनं कमी पडलं. मी दिलेल्यातलं काढून ठिवलंस का?"

मला राग आला. तीन दिवस मी चुलीपुढून हलले नव्हते.

"नाही गं, तुझ्या दहाही मुठी घातल्या. तूच नाही का मोजून दिलंस?"

तिने उजवा हात समोर धरला. मूठ मिटली, उघडली, पुन्हा मिटली. मीही तेव्हाच नीट पाहिली. लहान मुलीची असावी एवढीशी राहिली होती.

तिने तो हात गोधडीखाली घेतला. "राहू दे बाई आता," म्हणाली आणि भिंतीकडे वळली.

मसाल्याची बरणी भरलेलीच आहे. तेव्हा "हो, थोडे काढून ठेवले" म्हणाले असते, तर ती मला चार शिव्या देऊन जेवली असती.