लातूरचा ऑफलाइन कंट्रोलर

"पोरी, तुझा डबा मुका झालाय. कालपासून मोबाइलवर काहीच येईना," बिराजदार सरांचा लातूरहून फोन आला, तेव्हा मी नांदेडच्या दुकानात टँक धुवत होते.

डबा म्हणजे अ‍ॅक्वेरियम कंट्रोलर. टँकमधल्या पाण्याचं तापमान बघून तो हीटर चालू-बंद करतो आणि वाय-फायवरून मालकाच्या मोबाइलला कळवतो. सर निवृत्त हेडमास्तर. त्यांच्याकडे डिस्कस मासे आहेत. पाणी थंड झालं की हे मासे खाणं सोडतात. दुसऱ्या दिवशी सर पंधरा दिवसांसाठी मुलीकडे हैदराबादला निघणार होते. काही बिघडलं तर मोबाइलवर कळावं, म्हणजे शेजाऱ्यांना फोन करता येईल, यासाठीच त्यांनी कंट्रोलर घेतला होता. मी तो दोनच दिवसांपूर्वी बसवून आले होते.

मी कॉम्प्युटरच्या दुसऱ्या वर्षाला आहे. बिलोली तालुक्यातल्या आमच्या घरातून कॉलेजला गेलेली मी पहिलीच. दुकानात माझं काम टँक धुण्याचं. कंट्रोलर विकायला ठेवू, बसवायचं मी बघते, असं मालकांना मीच भीत भीत सुचवलं होतं. हा पहिलाच होता.

मालक सलीमभाई म्हणाले, "जाके देख. नाही जमलं तर काढून आण. मग ही भानगड बंद, तू आपले टँक धू."

एसटीने लातूरला पोचले. आधी पासवर्ड तपासला. बरोबर होता. राउटर दोन प्रकारचे सिग्नल देतो, त्यातला एकच कंट्रोलरला समजतो. तोही चालू होता. राउटर आणि कंट्रोलर दोन्ही बंद करून चालू केले. कंट्रोलर ऑफलाइनच.

सर घड्याळ बघत म्हणाले, "परवा चाललं, आज नाही. पीसच खराब दिसतोय. घेऊन जा बाळा, राग नाही."

मला रडू येईल असं वाटलं. तरी म्हटलं, "सर, एकदा कंट्रोलरची वायर बघते."

वायर घरातल्या अरुंद बोळीतून गेली होती. बोळीत पाण्याचे चार निळे ड्रम ओळीने, त्यांच्यामागे खाली स्टुलावर राउटर. वायर बघायला मी पहिला ड्रम सरकवायला गेले. हलेना. परवा वायर टाकताना हाच ड्रम मी एका हाताने बाजूला केला होता.

"काकू, हे ड्रम कधी भरले?" मी सरांच्या पत्नींना विचारलं.

"काल नळ आलता की. आठ दिवसांनी येतंय बाई, सगळे काठोकाठ भरून ठेवलेत."

मी भरलेल्या ड्रमांकडे आणि त्यांच्यामागच्या राउटरकडे बघितलं. मग हळूच म्हणाले, "सर, वाय-फाय पाण्यात अडतंय. परवा ड्रम रिकामे होते."

"पाण्यात? मी तीस वर्षं विज्ञान शिकवलं, हे नाही ऐकलं कधी."

मी त्यांचाच मोबाइल ड्रमच्या वर धरला. सिग्नलच्या सगळ्या रेघा. ड्रमच्या आड खाली नेला. एकच रेघ. पुन्हा वर, पुन्हा खाली. सरांनी मोबाइल माझ्या हातातून घेतला आणि स्वतः तीनदा करून बघितलं.

काकू हसल्या. "बघा! तिला बाकावर उभं करायला निघाला होतात. आता तुम्हीच उभं राहा."

"राहतो की," सर म्हणाले. "राउटर कुठं लावायचा, सांगा मॅडम."

बोळीच्या भिंतीवरचं कॅलेंडर काढून त्या खिळ्याला, ड्रमांच्या बरंच वर, राउटर बाजारच्या जाळीच्या पिशवीत टांगला. मिनिटभरात सरांच्या मोबाइलवर आकडा आला: एकोणतीस डिग्री. सर गल्लीच्या टोकापर्यंत चालत गेले, वाय-फाय सुटल्यावर मोबाइलच्या नेटवर बघितलं आणि तिथूनच ओरडले, "दिसायलंय!"

पंधरा दिवस ते मला हैदराबादहून रोज सकाळी तापमान पाठवत राहिले, जणू ते मला माझ्या मोबाइलवर दिसतच नव्हतं. एकही मासा दगावला नाही. सलीमभाईंनी आणखी तीन कंट्रोलर मागवले आणि टँक धुवायला दुसरा माणूस ठेवला.

कंपनीच्या माहितीपत्रकात वाय-फाय न जोडण्याची नऊ कारणं दिली आहेत. त्यांत हे नाही. मी आता कुठेही बसवायला गेले, की पासवर्ड नंतर विचारते. आधी विचारते, तुमच्याकडे नळ कोणत्या दिवशी येतो?