कोंडलं असं लिही

"चला, वर चढा. पाहुणे जाईपर्यंत आवाज नको."

सुपरवायझर जिन्याशी उभा होता. आम्ही बाया एकेक करून माळ्यावर चढलो. शेवटची मी. माझ्यामागे त्याने फळी ओढली आणि खालून कडी घातली. ती कडी मी ऐकली.

अंधेरीच्या इंडस्ट्रियल इस्टेटमधला हा गाळा. परदेशात जाणाऱ्या कापडी बॅगा आम्ही तिथे शिवायचो. सगळ्या जोगेश्वरीच्या एकाच वस्तीतल्या. बहुतेक बौद्ध. कुणाचे आईबाप मराठवाड्यातून आलेले, कुणाचे विदर्भातून. पाहुणे म्हणजे बॅगा विकत घेणाऱ्या कंपनीची माणसं. गाळ्यात सगळं नीट चाललंय का, ते बघायला यायची होती. म्हणून शेठच्या मोठ्या युनिटमधून मुली आणल्या. कोरे एप्रन, डोक्याला टोप्या. त्या आमच्या मशिनवर बसल्या. आमचे डबेसुद्धा आमच्याबरोबर वर पाठवले. "वास येतो," मॅनेजर मॅडम म्हणाल्या.

वर पत्रा. पंखा नाही. डोकं पत्र्याला लागू नये म्हणून वाकून बसलो. फटीतून खालचं दिसत होतं. एक गोरा माणूस माझ्याच मशिनवर हात ठेवून हसत होता. आमच्या बॅगेला हिरव्या पानाचं लेबल असायचं. माझ्या मुलीने ते एकदा वाचून अर्थ सांगितला होता. निसर्गाचा आणि माणसांचा मान राखून बनवलेली वस्तू.

माणसांचा मान.

आमच्यातल्या सुमनमावशीला साखरेचा आजार, सारखं लघवीला जावं लागायचं. तिने खूप वेळ दम काढला. मग माझा हात घट्ट धरला. मी फळी ठोकली. आधी हळू, मग जोरात. कुणी आलं नाही. मावशीने तोंडावर पदर घेतला. साडी भिजली, खालची लाकडं भिजली. आम्ही सगळ्यांनी दुसरीकडे बघितलं. तिच्यासाठी तेवढंच करता येत होतं.

पाहुणे गेले, कडी निघाली. मॅडम वर आल्या. नाकाला रुमाल.

"पुस ते. तुमच्यात चालत असेल, इथे नाही चालणार."

तुमच्यात. हा शब्द मी शाळेपासून ऐकतेय. तुमच्यात म्हणजे कुणात, हे कुणी फोडून सांगत नाही. सांगावं लागत नाही.

मावशी खरंच वाकली. स्वतःच्या पदराने पुसायला लागली. माझ्या आईच्या वयाची बाई. मी तिचं मनगट धरलं.

"मावशी, ऊठ."

"असू दे गं. पुसते मी."

"नाही पुसायचं." मग मॅडमकडे वळले. आवाज फाटला होता माझा. "कडी तुम्ही घातलीत. तुम्ही पुसा."

मॅडमच्या मागून सुपरवायझर बोलला. "उद्यापासून येऊ नको. तीपण नको."

काही आठवडे गेले. वस्तीत एक मुलगी आली. पाठीला सॅक, बोलणं पुस्तकातलं. नाव गौरी. आडनाव विचारलं, तिने सांगितलं. मी मनात अजून एक पाऊल मागे सरले.

ती कुठल्याशा संशोधन संस्थेतली. म्हणाली, "दुकानातली बॅग कुठल्या कुठल्या हातांतून येते, त्याचा आम्ही माग काढतो. अगदी शेवटच्या गाळ्यापर्यंत. त्याशिवाय शाश्वत विकास होत नाही, ताई."

"कुणाचा विकास?"

तिने हातातली वही मिटली.

याआधी अशीच माणसं आली होती, कॅमेरा घेऊन. गोड बोलली, चहा प्यायली. बोललेलं सगळं शेठच्या कानावर गेलं. माझ्या शेजारणीचं काम गेलं. म्हणून मी गौरीला घरात घेतलं नाही. दारातच विचारलं.

"तुला पाठवलं कोणी? पैसा कुणाचा?"

ती खोटं बोलेल असं वाटलं होतं. "थोडा पैसा माल घेणाऱ्या कंपन्यांचाही आहे," ती म्हणाली.

"मग तू त्यांचीच."

"तसं वाटणारच. तुम्ही अटी सांगा."

मी सांगितल्या. नावं नाही. फोटो नाही. लिहिलेलं आधी आम्हाला वाचून दाखवायचं. ती परत येणार नाही असं मी मावशीला म्हटलं होतं. ती आली. माझ्या खोलीत खाली बसून मराठीत वाचायला लागली. एका वाक्यावर मी थांबवलं. 'तपासणीच्या वेळी महिला कामगारांना अन्यत्र हलवण्यात आले.'

"हलवलं नाही. कोंडलं. कोंडलं असं लिही."

"ताई, रिपोर्टची भाषा जरा वेगळी असते."

"भाषा तुझी. अंग आमचं."

तिने ते खोडलं. नवीन लिहिलं. मी पुन्हा वाचायला लावलं.

मला एक भीती होती. हे वाचून कंपनी शेठला सोडून दुसरीकडे जाईल. कंपनीचे हात स्वच्छ, आमची अख्खी वस्ती घरी. गौरी म्हणाली, "तेही लिहिलंय. काम काढून घ्यायचं नाही. गाळा सुधारायचा. काढलेल्यांना परत घ्यायचं."

माझा विश्वास बसला नाही. पण रिपोर्ट कंपनीकडे गेला आणि तसं झालं. काम राहिलं. माळ्याची कडी निघाली. बायांसाठी संडास झाला. मला बोलावणं आलं, मावशीलाही आलं. मावशी गेली नाही. "त्या जागी मला तोंड दाखवायचं नाही," म्हणाली. आता घरी बसून लोकांचा लसूण सोलते.

गौरी आली नसती तर हे झालं नसतं. मान्य. पण कडी काढली ती रिपोर्टला घाबरून. आम्हाला कोंडल्याची लाज वाटून नाही. हा फरक मी विसरत नाही.

आता मॅडम मला ताई म्हणतात. पाहुणे परत येणार आहेत. परवा मॅडम मशिनजवळ आल्या.

"ताई, त्या दिवशी सुट्टी घ्या ना. पगार कापणार नाही."

"नको."

"अहो, तुमच्या चांगल्यासाठीच सांगते."

"मी इथे बसणार. त्यांनी विचारलं तर सांगणार. नाही विचारलं तरी सांगणार."

त्या गेल्या. गौरीही येणार आहे त्यांच्याबरोबर. तिलाही मी आधी विचारणार, या खेपेला पैसा कुणाचा.

बाजूच्या मशिनवरची लता हळूच म्हणाली, "तुला परत काढतील गं."

"काढू दे," मी म्हटलं. "मग गेटवर बसेन. पाहुण्यांची गाडी तिथूनच आत येते."