वरच्या खोलीतला उपास

माझ्या तोंडी लागू नये असं गल्लीत म्हणतात, आणि खोटं म्हणत नाहीत. तीस वर्षं लॉन्ड्री चालवतेय. हातात तापलेली इस्त्री असलेल्या बाईशी कोण हुज्जत घालणार? तरी हे सांगताना जीभ जड होते, कारण बोलायच्या वेळी नेमकी मीच गप्प बसले होते.

दुकानाच्या वरची खोली मी दोन मिशनऱ्यांना दिली होती. मिशनरी कसले, पोरंच ती. एक विशीचा, दुसरा बावीसचा. कुठून कुठे समुद्र ओलांडून आलेली. आमची भाषा त्यांनी धर्मग्रंथ समोर ठेवून शिकलेली, त्यामुळे पहिल्याच दिवशी धाकटा दारात उभा राहून मला म्हणाला, "या गृहास शांती लाभो." म्हटलं, बाबा, इथे शांती नाही, वाफ आहे, आत ये नाहीतर दार लाव. तो इतका गडबडला की तेच वाक्य पुन्हा पहिल्यापासून म्हणाला. त्या दिवसापासून तो पोपट. थोरला त्याच्या चुका काढायचा, शब्द घोकून घ्यायचा, म्हणून तो मास्तर. खरी नावं त्यांच्या छातीवरच्या पट्टीवर होती, पण ती उच्चारायला माझी जीभ वळायची नाही.

सकाळी साडेसहाला माझ्या डोक्यावर पावलं वाजायला लागायची. प्रार्थना, वाचन, बादलीचा खडखडाट, आणि नऊच्या ठोक्याला दोघं जिन्यावरून खाली. पांढरा शर्ट, काळी पॅन्ट. मग दिवसभर लोकांची दारं वाजवायची. शंभर वाजवली तर दहा उघडायची, त्यातली नऊ पुन्हा तोंडावर आपटायची. कोणी कुत्रं सोडायचं. कोणी म्हातारी आत बसवून तासभर सुनेच्या कागाळ्या सांगायची, आणि यांनी देवाचं नाव काढलं की म्हणायची, ते पुढच्या खेपेला हं. पोपट संध्याकाळी माझ्या काउंटरवर कोपरं टेकून सगळा अहवाल द्यायचा.

"मावशी, आज एका काकांनी आमचं सगळं ऐकून घेतलं. मध्ये एकदाही अडवलं नाही."

"अरे वा! मग?"

"मग त्यांची मुलगी आली. ते ठार बहिरे आहेत."

मी हसून हसून बेजार. मास्तर मागे उभा असायचा, तोही हसायचा, पण ओठ मिटून.

त्यांचा एक नियम होता. दोघांनी कायम बरोबर राहायचं, एकाने दुसऱ्याच्या नजरेआड व्हायचं नाही. एक केस कापायला बसला की दुसरा न्हाव्याच्या शेजारी उभा. मी म्हणायचे, अरे, नवीन लग्न झालेली माणसंही एवढी चिकटून राहत नाहीत. घरी फोन आठवड्यातून एकदाच. रविवारी दुपारी दुसऱ्या शहरातल्या त्यांच्या साहेबांना फोन लावायचा आणि किती दारं वाजवली, किती जण ऐकायला तयार झाले, ते सांगायचं. दोन वर्षांची सेवा. मास्तरचे चार महिने उरले होते, पोपटचं अजून वर्ष होतं.

आता माझ्या नाकावरच्या रागाची गोष्ट. दर सोमवारी दोघांचे पाच-पाच शर्ट माझ्याकडे यायचे. माणूस मला कॉलरवरून कळतो, एवढी मी मुरलेली. एका सोमवारी पाचच शर्ट आले, सगळे पोपटचे. पुढच्या सोमवारीही तेच. आणि मास्तर बघावं तर चुरगळलेला शर्ट घालून माझ्या दुकानावरून जातोय! माझ्याच माडीवर राहायचं, माझ्याच पायरीवरून उतरायचं आणि अंगात असा बोळा! लोक माझ्या इस्त्रीला नावं ठेवतील की नाही? मला काय झोंबलं ते विचारू नका. विचारलं असतं तर एका वाक्यात संपलं असतं, की का रे बाबा, शर्ट का देत नाहीस? पण नाही. मी रुसले. तो "नमस्कार मावशी" म्हणाला की मी पाठ फिरवून कपड्यांवर पाणी शिंपडायचे. चार दिवसांनी त्याने नमस्कार करणं सोडलं. मला वाटलं, बघ, शिष्ट आहे की नाही.

पुढचं मला पोपटने नंतर सांगितलं. एका मंगळवारी मास्तरने ताट बाजूला सारलं. पोपटने विचारलं, "उपास?" त्याने मान डोलावली. झालं! त्यांच्यात उपास म्हणजे देवाकडे काहीतरी मागणं. काय मागतोस, कशासाठी धरलास, हे दुसऱ्याने विचारायचं नसतं. ते त्याचं आणि देवाचं. मास्तर म्हणाला, आज बाहेर नको, मी प्रार्थनेत राहतो. एकट्याने बाहेर पडायचं नाही, म्हणून पोपटही वरच. बुधवार गेला, गुरुवार गेला. पोपटला त्याचा हेवाच वाटला म्हणे, की याच्यात केवढी ताकद आहे, माझ्यात का नाही. त्यानेही दोन दिवस काही खाल्लं नाही. तिसऱ्या दिवशी डोळ्यांपुढे अंधारी आली तेव्हा न्हाणीघरात जाऊन चोरासारखा पाव खाल्ला आणि रडला. मग मास्तरच्या खाटेशी गुडघ्यावर बसून देवाला म्हणत राहिला, याचं मागणं पुरं कर. काय मागणं, ते काही त्याला माहीत नव्हतं.

आणि मी खाली काय करत होते? पाच दिवस जिन्यावरून कोणी उतरलं नाही हे मला दिसत होतं की! म्हटलं असेल त्यांची काही सुट्टी, आपल्याला काय करायचंय.

रविवारी साहेबांचा फोन. पोपट म्हणाला, मंगळवारपासून दारं शून्य, मास्तर सहा दिवस उपासावर आहे. साहेब म्हणाले, शाबास! बाकीच्या सगळ्या जोड्यांना मी त्याचं उदाहरण देतो. त्यांनाही काही माहीत नव्हतं, त्यांना काय दोष देऊ. पण त्या एका शाबासकीने पोपटच्या मनात जी काही शंका होती तिच्या तोंडाला कुलूप लागलं.

सोमवारी सकाळी तो खाली आला. एकटा. आठ महिन्यांत मी त्याला पहिल्यांदा एकटं बघत होते.

"दुसरा कुठाय?" मी खेकसले.

"मावशी, उपासात पाणी चालतं ना?"

"चालतं की. न चालायला काय झालं?"

"तो पीत नाहीये. शनिवारपासून."

मी इस्त्री तशीच उभी केली आणि जिना चढले. खोली लखलखीत. दोन लोखंडी खाटा, मध्ये टेबल, भिंतीवर गावाचा नकाशा, वाजवून झालेल्या गल्ल्या लाल पेन्सिलीने रंगवलेल्या. दोरीवर मोजे. मास्तर भिंतीकडे तोंड करून निजलेला, अंगात तोच शर्ट. खांदा धरून त्याला वळवलं. ओठ फुटून काळे पडलेले, डोळे आत गेलेले. मी टेबलावरचं पेलाभर दूध त्याच्या नाकाशी धरलं. उपासाचा माणूस खात नाही, पण त्याची नजर अन्नाकडे जाते, निदान नाक तरी हलतं. याने पेल्याकडे बघितलंच नाही. जणू मी त्याच्यापुढे वीट धरली होती.

"हा उपास नाही रे मेल्या," मी पोपटवर ओरडले. "उपासवाल्याला भूक असते! या पोराने जगायचं सोडलंय!"

"पण साहेब म्हणाले..."

"साहेब गेले खड्ड्यात! पाय धर त्याचे!"

जिना एवढा अरुंद की समोरच्या सायकलवाल्याला हाक मारावी लागली. तिघांनी मिळून त्याला खाली आणलं. हॉटेलच्या धुतलेल्या चादरी पोचवायची माझी हातगाडी दारातच भरून उभी होती. त्या चादरींवरच त्याला आडवा घातला आणि निघालो, भर बाजारातून. पोपट गाडी ढकलत मोठमोठ्याने प्रार्थना म्हणत होता. चढ लागल्यावर मी म्हटलं, अरे, तो श्वास ढकलायला ठेव. तो गप्प झाला आणि इतक्या जोराने ढकलायला लागला की मला धावावं लागलं.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी मला बाजूला घेतलं. मूत्रपिंडं बंद पडत आलीत, रक्तात विष चढलंय, आम्ही प्रयत्न करतो. दोन दिवस आधी आणलं असतं तर, असं म्हणून त्या थांबल्या. पोपटने ते ऐकलं. ऐकू नये म्हणून मी मध्ये उभी राहिले होते, पण माझी उंची ती केवढी!

दुसऱ्या दिवशी दुपारी मास्तर शुद्धीवर आला. नळ्यांच्या गुंत्यात पोरगं हरवून गेलं होतं. मी सगळी भीड बाजूला ठेवली आणि सरळ विचारलं, "का रे असं केलंस?"

तो आमच्या भाषेत बोलला, हळूहळू, एकेक शब्द शोधत. म्हणजे मलाही ऐकवायचं होतं. "मावशी, मी रोज बोलतो देवाशी. पण पलीकडे कोणी नाही. चार-पाच महिने झाले. लोकांची दारं वाजवतो, सांगतो, तो आहे. आणि मला माहीत आहे की मी खोटं बोलतोय."

"मग घरी जायचं होतंस."

"घरी आई आहे. सगळं गाव मला निरोप द्यायला आलं होतं. तिला काय सांगू?" मग त्याने मान पोपटकडे वळवली. त्यात राग नव्हता, मी शपथेवर सांगते. लहान मूल विचारतं तसं त्याने विचारलं, "तू सहा दिवस माझ्याबद्दल देवाला विचारत होतास. मला का नाही विचारलंस?"

मास्तर म्हणाला, "आईला सांगू नका," आणि दमून डोळे मिटले.

बुधवारी दुपारी तो गेला. मी बाहेरच्या बाकावर होते, पोपट आत, त्याच्या उशाशी. नियमाप्रमाणे नजरेआड होऊ दिलं नाही त्याने. मी त्या दिवशी ढसाढसा रडले. माझं काही लागत नव्हतं ते पोर. पण माझ्या डोक्यावर सहा दिवस निजून होतं, आणि मी खाली शर्टांचा हिशेब मनात धरून बसले होते. माणूस किती कोता असू शकतो, ते मला या वयात कळलं.

शुक्रवारी त्याची आई आली. बुटकी, जाड भिंगांचा चष्मा, हातात एक छोटी बॅग. बरोबर ते साहेब. खोलीत पाय टाकल्यावर तिने आधी नकाशावर हात फिरवला, त्या लाल गल्ल्यांवरून. मग त्याच्या खाटेवर बसली आणि मला शेजारी बसवून घेतलं. तिची भाषा मला कळत नव्हती. पोपटला आम्हा दोघींच्या मध्ये उभं राहावं लागलं, आणि तिचं बोलणं तो मला आमच्या भाषेत सांगत गेला. आता त्याचं बोलणं पुस्तकी राहिलं नव्हतं, माझ्यासारखंच साधं झालं होतं.

"ती म्हणते, तुम्ही त्याला हातगाडीवरून नेलंत. देव तुमचं भलं करो."

मी मान खाली घातली.

"ती म्हणते, साहेबांनी तिला उपासाचं सांगितलं. तिचा मुलगा प्रार्थनेत गेला. तिला अभिमान वाटतो."

साहेब खिडकीतून बाहेर बघत होते. मग आईने पोपटचा हात धरला आणि त्याला काहीतरी विचारलं. ते त्याने मला सांगितलं नाही. मी म्हटलं, काय म्हणते ती?

"विचारते, तो उपास कशासाठी होता. त्याने देवाकडे काय मागितलं होतं."

त्याला माहीत होतं. मलाही माहीत होतं. या पोरांना खोटं बोलणं म्हणजे महापाप, आणि खरं सांगितलं तर ती बाई त्याच खाटेवर मेली असती. मी मनात म्हणत होते, बोल रे, काहीही ठोकून दे, आमच्या गावासाठी मागत होता म्हण! तो त्यांच्या भाषेत तीन-चारच शब्द बोलला, आणि सवयीने माझ्याकडे वळून म्हणाला, "मी सांगितलं, मी विचारलं नाही."

बाईचा चेहरा निवळला. उठून तिने त्याचं डोकं आपल्या खांद्यावर ओढून घेतलं, पाठीवरून हात फिरवला आणि कितीतरी वेळ त्याच्या कानाशी बोलत राहिली. तो खांबासारखा ताठ उभा होता. तिच्या खांद्यावरूनच तो मला सांगू लागला, अगदी सपाट आवाजात.

"ती म्हणते, मी बरोबर केलं. विचारायचं नसतंच. ती म्हणते, माझ्यासारखा सोबती मिळाला हे त्याचं नशीब."

त्याचे डोळे माझ्या तोंडाकडे लागले होते. त्याला वाटत असावं की निदान मी तरी ओरडेन, चार शिव्या हासडेन, साऱ्या गल्लीला माझ्या तोंडाचा धाक ना! पण मी उठले, त्या माउलीचा चष्मा खाली पडला होता तो उचलला आणि पदराने पुसत बसले.